कोल्ली बाटली

एक

पुनाराम मेल्याची खबर सकाळी सातला आली आणि साडेसातपर्यंत त्याचा निकालही लागला. दारू पेला, बाहेर पडला, थंडीनं मेला. पोलीस शिपायानं तेच लिहून घेतलं आणि आमचाच चहा पिऊन तो गेला. माणूस एकेकाळी दारुडा होता हे कळलं की पुढचं विचारायचे कष्ट कोणी घेत नाही. मी हे रागानं लिहितोय, कारण त्या सकाळी मीही घेतले नाहीत.

सदुसष्ट सालचा जानेवारी होता. बालाघाटहून लालबर्ऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या एका जुन्या गोदामात, आम्ही बारा जण राहत होतो. बाराही जण दारू सोडलेले. गाव आमच्या घराला ‘कोल्लं घर’ म्हणायचं. कोल्लं म्हणजे कोरडं. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण आम्हाला ते आवडलं आणि आम्ही पाटीवरही तेच रंगवलं.

घरापासून हाकेच्या अंतरावर छोट्या लाइनीची रेल्वे जाते. तिथल्या पुलियाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्याला टेकून पुनाराम बसला होता. रात्रभर दव पडलं होतं. अंगावरचं घोंगडं पिळता आलं असतं, टोपीवर आणि मिशांवर थेंब होते. उजव्या हाताशी गवतात एक बाटली उभी होती, निम्मी भरलेली. मी ती उचलून सदऱ्याच्या खिशात घातली. मग त्याचे डोळे मिटले, तेव्हा हात ओले झाले ते धोतराला पुसले.

“मी म्हटलं नव्हतं?” आमचं घर चालवणारा शालिकभाऊ माझ्यामागे उभा राहून म्हणाला. “जमादार, तुमचं नाक कधी चुकत नाई.”

जमादार म्हणजे मी, भोजराज. आबकारी खात्यात सोळा वर्षं काढली. चोरट्या भट्ट्या पकडायच्या, माल जप्त करायचा आणि जप्त केलेला माल संध्याकाळी आपणच रिचवायचा, असा माझा कारभार होता. नोकरी गेली, बायको गेली, नाक तेवढं शाबूत राहिलं. त्याच नाकावर कोल्ल्या घरात मला मान होता.

आणि पुनारामला आदल्या संध्याकाळी घराबाहेर काढलं ते याच नाकानं.

दोन

ते कसं घडलं ते सांगितलं पाहिजे.

कोल्लं घर शालिकभाऊनं काढलं. तो एका खाणीच्या दवाखान्यात वीस वर्षं कंपाउंडर होता. तिथलं स्पिरिट पिऊन त्यानं नोकरी घालवली आणि नंतर स्वतःच्या हिमतीवर सोडलं. तो म्हणायचा, एकट्यानं दारू सुटत नाही, घरच्यांच्या रडण्यानं तर मुळीच सुटत नाही. सोडलेल्यानं सोडणाऱ्याजवळ राहावं. म्हणून आम्ही एकत्र राहायचो, बांबूच्या टोपल्या विणायचो, एका चुलीचं खायचो. प्रत्येकाला एक जोडीदार असे. बाजाराला जायचं तर जोडीदाराबरोबर, पाहुणा आला तर जोडीदारासमोर, रात्री बाहेर जायचं तरी जोडीदाराला उठवून. हसण्यासारखं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण सहा वर्षांत सतरा माणसं त्या घरातून उभी राहून आपापल्या घरी गेली होती.

दिवेलागणीला सगळे काळ्या भिंतीसमोर गोल बसत. भिंतीवर खडूनं प्रत्येकाचं नाव आणि पुढे आकडा: दारूविना किती दिवस झाले. जो तो आपला आकडा मोठ्यानं सांगे. त्याआधी फुंक. एकेकानं माझ्यासमोर यायचं आणि तोंडानं फुंकर मारायची. मी ‘कोल्ला’ म्हटलं की आकडा वाढला. एखाद्याला वास आला, तर आकडा पुसायचा आणि माणसानं ती रात्र फाटकाबाहेर काढायची. सूर्य उगवल्यावर आत यायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. सहा वर्षांत हा नियम मोडला नव्हता.

पुनाराम तिरोडीच्या मँगनीज खाणीत कामाला होता. दोनशे तेरा दिवस झाले होते त्याला. आपला आकडा सांगितल्यावर तो “अन् पाचवं शील पाळलं” असंही म्हणायचा. मद्य न घेण्याचं ते शील. बाकीचे हसायचे, तो म्हणायचाच.

त्या संध्याकाळी तो उशिरा आला, भिंत धरून. मागे बांबूच्या ढिगाशी ओकला होता. भात्यासारखे श्वास चालले होते आणि जीभ जड झाली होती. मला पाहूनच कळलं, तरी नियम म्हणून पुढे झुकलो. त्यानं फुंकर मारली.

गोड, पिकलेला, आंबूस वास. मोहाची फुलं भिजत घातल्यावर जो सडवा होतो, अगदी तसा. सोळा वर्षं मी त्या वासामागे जंगलं हुंगत फिरलो होतो.

“मोह,” मी म्हणालो. एकच शब्द.

“नाई जी जमादार,” पुनाराम म्हणाला. “मी नाई पेलो. मले पाणी द्या.”

कोणीतरी हसलं. शालिकभाऊनं ओल्या फडक्यानं २१३ पुसला. पुनारामचा जोडीदार महागू रडवेला झाला. त्यानं स्वतःचं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. फाटक लागलं. मी जेवलो आणि झोपलो. छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको शेवंताबाई आली, सोबत भाऊ सुखराम. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दारूला कंटाळून ती तिरोडीतच भावाकडे राहायला गेली होती. माती झाली, माणसं पांगली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

“फागुनात मी त्याच्या घरी परत जाणार होती,” ती म्हणाली. “साऱ्या तिरोडीले सांगून ठेवलं का माह्या नवऱ्यानं सोडली. आता लोक तोंडावर हासून राह्यले. मले दुसरं काई नाई पायजे, जमादार. तो पेला का नाई पेला, एवढं पक्कं सांगा. पेला असंन तं त्याच्या नावानं थुंकीन अन् जाईन. नसंन पेला तं रडीन. रडू का थुंकू?”

मी ‘पेला’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात हात खिशातल्या बाटलीला लागला आणि मला सकाळचं आठवलं. मढं ओलं, घोंगडं ओलं, गवत ओलं. आणि बाटली उचलली तेव्हा माझा हात ओला झाला नव्हता.

ती कोल्ली होती.

तीन

दवात रात्रभर उभी असलेली बाटली कोरडी राहत नाही. म्हणजे ती सकाळी ठेवली. मग पुनाराम प्यायला तो कुठून, कोणी पाजली, आणि नंतर बाटली आणून ठेवायची गरज कोणाला पडली?

मी शेवंताबाईला म्हणालो, “दोन दिवस द्या.”

“दोन दिवस देतो,” ती म्हणाली. “चार साल देल्ले, त्यात दोन दिवस.”

पहिला संशय सुखरामचा. पुनाराम मेला त्याच्या आदल्या दुपारी तो त्याला भेटून गेला होता, हातात पिशवी घेऊन. मी त्याला बांबूच्या ढिगावर बसवलं.

“पिशवीत काय होतं?”

“तीळगुळाचे लाडू. आम्ही सकरात नाई करत आता, पण लाडवाचं काय वैर हाये?”

“बहीण परत नवऱ्याकडे जाणार होती. तुमच्या घरचं काम कोण करणार होतं?”

सुखराम चिडला नाही. तेच मला टोचलं. “खरं सांगू? मले वाईट वाटलं होतं. चार साल तिनं माह्या घरचा गाडा ओढला. पण म्हणून दारू पाजीन काय मी? तुमचा महागू समोर बसून होता, डोये फाडून. पुनारामनं बारातले आठ लाडू खाल्ले बसल्या बसल्या, अन् वरून अर्धा मटका पाणी पेला. मी म्हटलं, बाप्पा, हे लोक याले जेवाले देत नाई काय? कसा वायला होता तो! पायजाम्याची नाडी दोनदा गुंडाळली होती कंबरेले.”

महागूनं ते खरं म्हणून सांगितलं. पाहुणा असेतो तो हलला नव्हता, आणि पिशवीही त्यानंच उलटी करून पाहिली होती. पण सांगताना तो माझ्या डोळ्यांत पाहत नव्हता.

“महागू, तू काय लपवतोस?”

तो लालबर्ऱ्याच्या राईसमिलमधला हमाल, अंगानं रेडा, पण खोटं बोलायला कच्चा. “मी जोडीदार होतो त्याचा,” तो म्हणाला. “पण रातच्यानं तो चार चार, पाच पाच डाव उठे जी. पंधरा दिवसांपासून. मी किती डाव उठू? शेवटी म्हटलं, जा तू एकटाच. कोनाले सांगितलं नाई म्यां.”

म्हणजे पंधरा दिवस पुनाराम रात्रीचा एकटा बाहेर जात होता. माझ्यातला जुना जमादार जागा झाला. मी गोदामाच्या मागे गेलो. भिंतीच्या कडेला, एका कोपऱ्यात, काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. आठवडाभर ती रांग पाहून मी शिव्या घालत होतो, पण पाहिलं असं कधी नव्हतं.

आबकारीतली एक गोष्ट सांगतो. सडव्याचे मडके जंगलात पुरून ठेवतात, वरून पालापाचोळा टाकतात. माणसाला दिसत नाहीत, पण मोहाचा गोडवा मुंग्यांपासून लपत नाही. मुंग्यांच्या मागे मागे जाऊन मी बावीस मडके फोडले होते.

मी फावडं घेतलं आणि खोदायला लागलो. हातभर खोदलं, दीड हात खोदलं. माती, खडे, पुन्हा माती. मडकं नाही, खापरसुद्धा नाही.

महागू कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. “तिथं काय खोदून राह्यले जमादार? तिथं तं पुनाराम मुताले जाये.”

मी फावडं फेकलं. मला तेव्हा किळस आली आणि राग आला. अक्कल आली नाही.

चार

आता एकच जागा उरली. रेल्वेपलीकडे दुर्गाबाईची भट्टी होती. आबकारीत असताना मी ती तीनदा मोडली होती, आणि तीनदा तिथंच पिऊनही आलो होतो. कोल्ल्या घरात आल्यापासून त्या वाटेला गेलो नव्हतो. महागूला जोडीदार म्हणून घेतलं आणि नाकावर उपरणं बांधून गेलो. ते पाहून दुर्गाबाईला हसू आवरेना.

“लगीन लागून राह्यलं काय जमादार, तोंड बांधून आले ते?”

मी बाटली पुढे धरली. “ही तुझी?”

तिनं बूच काढलं, हुंगलं आणि नाक मुरडलं. बूच म्हणजे कापसाचा बोळा होता. “हे माह्यं? माह्या दारूले धुराचा वास असते. हे तं दवाखान्यातलं इस्पिरिट, वरून पाणी घातलेलं. अन् मी बाटल्या भरून कवा देल्ल्या कोनाले? ज्याले पेयाचं त्यानं हितं बसून पेयाचं.”

मी उपरणं सोडलं आणि स्वतः हुंगलं. बाई खरं बोलत होती. नाकात टाचणी टोचावी तसा सरळ, तिखट वास. धूर नाही. आणि गोडवा? गोडवा तर नावालाही नाही. पुनारामच्या तोंडाला जो वास होता त्याचा या बाटलीशी काहीच संबंध नव्हता. सोळा वर्षांच्या नोकरीचं नाक, आणि मला ही बाटली हुंगून पाहायचं दोन दिवस सुचलं नव्हतं. शिपायानं तरी निदान चहासाठी घाई केली होती.

“पुनाराम त्या संध्याकाळी इथं आला होता?” मी विचारलं.

दुर्गाबाईचं हसणं थांबलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

“आलता,” ती म्हणाली.

महागूनं माझा दंड धरला.

“तुमच्या फाटकातून काढला तसा आलता. दारात उभा राह्यला. म्हणे, बाई, पाणी दे. मी म्हटलं, काहून, घरी पाणी सरलं काय? दोन लोटे पेला घटाघटा. तिसरा मांगितला. थरथर कापून राह्यलता. मी म्हटलं, भाऊ, चुलीजवळ बस, जाळ हाये, रात काढ इथंच. मी काई तुले पाजत नाई. तं म्हणे कसा…” तिनं पदरानं डोळे पुसले. “म्हणे, नाई बाई. हितं बसलो तं घरवाले म्हणतीन पेला. पुलियावरून आमचं फाटक दिसते. तिथं बसतो, सकाळी उघडलं का जातो.”

भट्टीचा जाळ चांगला मोठा होता. तिथं बसला असता तर निदान उबेत असता. दारूच्या दारातून तो दारू न पिता उठून गेला, आणि थंडीत जाऊन बसला, कारण आम्ही काय म्हणू याची त्याला भीती होती.

“पाहिलंत का जमादार,” दुर्गाबाई म्हणाली, “माह्या भट्टीत माणूस मरत नाई रातीतून. तुमच्या धरमशाळेत मरते.”

मी बाटलीला बोळा लावला आणि महागूबरोबर निघालो.

पाच

परत येताना लाइनीवर टिकाराम चाबीवाला भेटला. रोज पहाटे हातोडी घेऊन तो रुळाच्या चाव्या ठोकत जातो. पुनारामला सर्वांत आधी त्यानंच पाहिलं होतं.

“बाटली कोणत्या बाजूला होती, टिकाराम?”

“बाटली?” तो म्हणाला. “कायची बाटली? मी हात लावून पाह्यला त्याले. टोपी नीट केली. बाटली-बिटली काही नही थी जी.”

“मग तू काय केलंस?”

“तुमच्या फाटकावर गेलो. शालिकबाबू दातून करून राह्यलते. त्यांले सांगितलं. ते म्हणे, तू ठाण्यावर खबर दे, मी पाहतो. मी सायकलनं गेलो.”

टिकाराम ठाण्यावर गेला तेव्हा उजाडत होतं. शालिकभाऊनं आम्हाला उठवलं ते सातला. मधला अर्धा तास कुठे गेला?

तरीही माझ्या मनातली मूळ गाठ सुटत नव्हती. पुनारामला वास आला होता. मी स्वतः घेतला होता. मी माझ्या बायकोवर विश्वास ठेवला नाही, देवावर ठेवला नाही, पण या नाकावर ठेवत आलो होतो. त्या गोड वासाचं काय करायचं?

गावात जाऊन एका जुन्या डॉक्टरकडे बसलो. लाजत लाजत मुंग्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला.

“लघवीला मुंग्या लागत होत्या? तहान?”

“मटके रिकामे करायचा.”

“रात्री उठणं? वाळत चालला होता? एखादी जखम होती, न भरणारी?”

जखम होती. दिवाळीत अंगठ्यात बांबूची कामटी घुसली होती आणि संक्रांत आली तरी चिघळतच होती. शालिकभाऊ रोज सकाळी आपल्या पेटीतलं स्पिरिट लावून पट्टी बांधायचा. ती पेटी कुलपात असे. आमच्या घरातली वास येणारी वस्तू तेवढी एकच.

“मधुमेह,” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षांच्या दारूनंही आतून असं होऊ शकतं. त्याला तुम्ही लाडू दिले असाल तर आगीत तेल. शेवटी शेवटी माणूस ओकतो, धापा टाकतो, झिंगल्यासारखा चालतो, जीभ अडखळते. आणि तोंडाला वास येतो.”

“कसला?”

“गोड. पिकल्या फळासारखा. शहाणी माणसंही त्याला दारू समजतात.”

शहाणी माणसं. आणि त्यातला सर्वांत शहाणा त्यांच्यासमोर बसला होता. दुसऱ्या कोणी हुंगलं असतं तर कदाचित नुसतं ‘कसलातरी वास येतो’ म्हटलं असतं. मला मोहाच्या सडव्याचा वास पाठ होता, म्हणून मी नाव घेऊन मोकळा झालो.

“त्या संध्याकाळी दवाखान्यात आणला असता तर?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण आणला तरी असता.”

शेजारी त्यांचा कंपाउंडर कोणाचं तरी मिक्श्चर भरत होता. त्यानं कागदाची चिंचोळी पट्टी घडी घालून कातरली, उलगडली, आणि दातेरी पट्टी बाटलीला चिकटवली: एका दात्याला एक खुराक. मी खिशातली बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरली. काच खरवडलेली होती, पण डिंकाचा फिकट डाग तसाच होता. उभा, एका बाजूनं दातेरी.

आमच्या घरात अशी पट्टी कातरणारा हात एकच होता.

सहा

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे काळ्या भिंतीसमोर बसले. शेवंताबाई दाराशी बसली. सवयीनं लोक फुंक द्यायला उठले. मी म्हणालो, “बसा. आज फुंक नाही.”

बाटली मधोमध ठेवली आणि जे कळलं ते कळलं त्या क्रमानं सांगितलं. दव, बाटली, मुंग्या, दुर्गाबाईचे दोन लोटे पाणी, डॉक्टर, दातेरी डाग. सांगताना मी शालिकभाऊकडे पाहत होतो. त्यानं मान खाली घातली नाही.

“टिकाराम सांगून गेला अन् मी पुलियावर गेलो,” तो म्हणाला. “त्याच्या पायजाम्याले मुंग्या लागल्या होत्या. पाह्यल्याबरोबर समजलं मले. वीस साल दवाखान्यात निळं औषध टाकून लोकांच्या लघवीतली साखर तपासली म्यां. अन् दिवाळीपासून रोज त्याचा अंगठा बांधून राह्यलतो, तवा नाई समजलं.”

“मग बाटली काहून ठेवली?” महागू ओरडला.

“तुमच्यासाठी!” शालिकभाऊचा आवाज पहिल्यांदा फाटला. “आपण अकरा जण. नियमानं न पेलेला माणूस मारला हे समजलं तं उद्या फुंक कोण देईन? आकडा कोण मोजन? पेलेलाही बाहेर, न पेलेलाही बाहेर, मग सोडायची काहून? पुनाराम तं मेलताच. त्याचं नाव गेलं तं त्याले काय? म्यां हिशेब केला. एका मेलेल्याचं नाव अन् अकरा जित्ते माणसं.”

“मेलेल्याची बायको धरली होती का त्या हिशेबात?” मी विचारलं.

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “अन् जमादार, फाटक म्यां लावलं, बाटली म्यां ठेवली, कबूल. पण ‘मोह’ कोण म्हटलं होतं?”

हे त्यानं विचारायची गरज नव्हती. चोर शोधायला मी गावभर फिरलो होतो आणि अर्धा चोर माझ्याच तोंडावर, दोन डोळ्यांच्या मध्ये बसला होता.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून टाकतो. शालिकभाऊचा हिशेब चुकीचा नव्हता. तो स्वतः दुसऱ्या दिवशी ठाण्यावर जाऊन बाटलीचं सांगून आला. शिपाई म्हणाला, कागद वर गेला, आता कोण बदलणार. आणि त्या आठवड्यात आमच्या अकरातले चार जण दुर्गाबाईकडे गेले. त्यांतले दोघे परत आले. खरं सांगितल्यानं सगळं चांगलं होतं असं मला कोणी सांगू नये.

त्या संध्याकाळी मात्र कोणीच हललं नाही. शेवंताबाई उठून माझ्यासमोर आली.

“तं पेला नव्हता?”

“नाही.”

“एक घोटबी?”

“एक थेंब नाही, बाई. दारूच्या दारात उभा राहून पाणी मागितलं त्यानं. मी… माझं चुकलं.”

मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे वळली. तिला वाचता येत नव्हतं, पण अकरा नावांपुढे आकडे होते आणि एका नावापुढे ओल्या फडक्याचा फराटा होता, ते तिला दिसलं.

“हे त्याचं?”

“हौ,” महागू म्हणाला.

“किती होते?”

“दोनशे तेरा.”

तिनं खाली पडलेला खडू उचलला आणि माझ्या हातात दिला. “लिहा.”

मी २१३ लिहायला हात उचलला.

“तेरा नाई, चौदा,” ती म्हणाली. “ते रातबी धरा. तुम्ही बाहेर काढला, पण तो कोल्लाच होता.”

खडू माझ्या हातात मोडला. उरलेल्या तुकड्यानं मी लिहिलं: पुनाराम, २१४. चार तिरपा आला. तो पुसून नीट करायची माझी हिंमत झाली नाही.

मग शेवंताबाई त्या आकड्याखाली भिंतीला डोकं टेकून बसली आणि रडायला लागली.